मांजराला भात घाला

३ एप्रिल, गुरुवार

वैद्यबुवांनी दिवसा तोंड मिटून बसायला सांगितलंय. माझं पोट घशावर चालतं, तेव्हा ऐकणं भाग आहे. रोज संध्याकाळी सिनेमाघराच्या मागच्या खोलीत बसायचं, झरोक्यातून पडद्याकडे बघायचं आणि पडद्यावरच्या बायकांचं बोलणं माइकात बोलायचं. नायिका, तिची सासू, शेजारीण, भूत, सगळ्या मीच. पुरुष, कुत्री आणि ढगांचा गडगडाट आमच्या यजमानांकडे, म्हणजे उदोमकडे. तर आता दिवसाचं बोलणं या वहीशी. उदोमना सांगितलं तर म्हणाले, "मला त्या वहीची दया येते."

मी शाळेत फारशी गेले नाही. वाचायला शिकले ती संवादांच्या कागदांवरून. त्यामुळे अक्षर गिचमिड असलं तरी सुरुवात कुठे नि रडायचं कुठे एवढं मला कळतं.

आज तेंग आली. जगाला ती पिम्पका, सिनेमाची नायिका. बँकॉकमध्ये भिंत दिसली की तिचं चित्र चिकटवलेलं. पण घरचं नाव तेंग, म्हणजे काकडी. पायरीवर उभी राहून नेहमीची आरोळी, "मावशी, आधी ते मांजर बाहेर काढ, मग मी आत येते!" मांजराचा वारा लागला तरी तिला शिंका सुटतात, श्वास कोंडतो.

तिचा आवाज घोगरा, आणि बोलण्यात वरच्या नदीकाठचा हेल. तिच्या यजमानांना, शेठना, तो मुळीच खपत नाही. अकरा वर्षं ओठ तिचे नि आवाज माझा. सिनेमातलं बोलणं मागच्या खोलीतून येतं हे लोकांना ठाऊक असतं, दिवे गेले की विसरतात. पण रेडिओवर साबणाच्या जाहिरातीत "मी पिम्पका बोलतेय" म्हणणारीही मीच, हे कुणालाच ठाऊक नाही. शेठनी तशी शपथच घातलीय. समारंभात ती नुसती हात जोडते नि हसते. लोक म्हणतात, पोर किती लाजाळू!

"मावशी, मला बोलायला शिकव," म्हणाली. आता म्हणे असे सिनेमे येतायत की आवाज फिल्मवरच असतो. ज्याचं तोंड त्याचंच बोलणं.

उदोम म्हणाले, "म्हणजे आम्हा दोघांना घरी बसवायला निघालीस होय गं काकडे?"

"काका, तुम्हाला कुत्र्याचं काम देईन की!"

हसलो खूप. मी विचारलं, शेठना सांगितलंस का? म्हणाली, वेळ आली की सांगेन. कम्पोन शेठ त्यांचं नाव. सिनेमे त्यांचे, सिनेमाघरं त्यांची, आणि आमची भाकरीही त्यांचीच.

एवढ्या उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घालून फिरते. फॅशन असेल.

८ एप्रिल, मंगळवार

तेंगचा धडा. "श्वास पोटातून घे" म्हटलं की खांदे वर करते. खिडकीशी बसून एक वाक्य चाळीसदा म्हणाली असेल. मग वैतागून म्हणाली, "मावशी, मी तुझ्यासारखी बोलायला शिकतेय की माझ्यासारखी?" मी म्हटलं, "आधी माझ्यासारखी तर बोल." नंतर वाटलं, उत्तर चुकलं बहुतेक.

१३ एप्रिल, रविवार. नवं वर्ष

सकाळी थोरामोठ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालायला गल्लीतली पोरंसोरं आली. दुपारी तेंग आली, एकटी, साध्या होडीतून. आमच्या दोघांच्या हातांवर पाणी घातलं नि वाकून बसली. मी आशीर्वाद दिला, सुखी राहा, नाव निघो. म्हणाली, "नाव पुष्कळ निघालं. दुसरं काहीतरी दे."

मग शेजारच्या पोरांनी तिला बादलीभर पाणी ओतून चिंब केलं. ओली बाही दंडाला चिकटली तेव्हा दिसलं. काळेनिळे डाग. चार एका ओळीत, पाचवा मागच्या बाजूला. जिन्यावरून पडले म्हणाली. त्यांच्या घराचे जिने संगमरवरी, त्यातून पायात त्या उंच टाचा. मी हळद लावून दिली. उदोम तेवढ्यात उठून बाहेर गेले.

संध्याकाळी तिने लुगड्यासकट कालव्यात उडी घेतली, पलीकडच्या काठाला हात लावून परत आली. धापसुद्धा लागली नाही. पाकनाम फोच्या तराफ्यावरच्या घरात जन्मलेली पोर, चालायच्या आधी पोहायला शिकली. पाण्यातून डोकं काढून ओरडली, "मावशी, रात्री इथेच राहू?"

मी म्हटलं, वेडी का काय, सणाच्या दिवशी? यजमान वाट बघत असतील. चार भांडी एकत्र आली की वाजायचीच, जा, गोड बोल. तिला मोगऱ्याच्या पाण्यातला गार भात खायला घातला नि होडीत बसवून दिलं. वळणापर्यंत हात हलवत होती.

१७ एप्रिल, गुरुवार

आज आनंदाचा दिवस. कम्पोन शेठ स्वतः आमच्या घरी आले! टेपाचं यंत्र घेऊन, ड्रायव्हरला बाहेर ठेवून. नव्या सिनेमातला एक प्रसंग आत्ताच टेपावर घ्यायचाय म्हणाले, म्हणजे शूटिंगच्या वेळी वाजवता येईल. उदोम बाजारात गेलेले. अकरा वर्षांत माझं बोलणं कुठे टिकून राहिलं नाही, हॉलमध्ये बोलले, रेडिओवर बोलले नि हवेत गेलं. आज पहिल्यांदाच टेपावर!

प्रसंग असा. नायिका नदीत जीव द्यायला निघालीय. कागद छोटासाच. "मी दमलेय. कुणाला दोष देऊ नका. माझ्या माणसाने मला काही कमी पडू दिलं नाही. आई, मला माफ कर. नदी बोलावतेय." मी विचारलं, नायिकेचं नाव काय? शेठ म्हणाले, ठरायचंय. पहिल्या वेळी मी सवयीने हुंदका घातला, तर म्हणाले, "रडू नका मावशी. मन ठरलेल्या बाईसारखं बोला. दमलेल्या."

तसं बोलले. आणि शेवटी आपल्या मनाचं एक टाकलं. आमच्या धंद्यात कागदावरचं तेवढंच बोलेल तो कसला बोलणारा? घर सोडून निघालेली बाई उंबऱ्यात वळते नि म्हणते, "आणि हो, मांजराला भात घाला." मी हे नेहमी टाकते. जिथे टाकते तिथे हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येतात. शेठ म्हणाले, "छान. राहू दे ते."

मग मीही जरा फुशारकी मारली. म्हटलं, शेठ, तुम्ही तेंगच्या आवाजाची काळजीच सोडा. पोर माझ्याकडे शिकतेय, नव्या धर्तीच्या सिनेमासाठी. वर्षभरात स्वतःच्या तोंडाने बोलेल. शेठनी यंत्राचं बटण बंद केलं. "कुणाच्या सिनेमासाठी?" मी म्हटलं, ते मला काय ठाऊक, तुमच्याच असेल! हसले. कौतुक वाटलं असणार. जाताना माझ्या हातात आंब्यांची करंडी ठेवली.

२२ एप्रिल, मंगळवार

तेंग गेली.

सकाळी शेठच्या घराच्या घाटाखाली सापडली. नावाड्याला आधी केस दिसले. त्याला वाटलं जलपर्णी.

काही सुचत नाही. ती बुडाली म्हणतात. ती?

२३ एप्रिल, बुधवार

चहाच्या दुकानात रेडिओ लागलेला. निवेदकाने गळा काढला, पिम्पकाने जाण्याआधी टेपावर आपल्या चाहत्यांचा निरोप घेतलाय, तिच्या पतींनी जड अंतःकरणाने तो आमच्याकडे दिलाय. आणि मी बोलायला लागले.

मी दमलेय. कुणाला दोष देऊ नका.

चहावाला रडत होता. भाजीवाली रडत होती. माझ्या हातातला पेला कलंडून पाय भाजला तेही कळलं नाही. शेवटी ते आलंच. मांजराला भात घाला. दुकानातली सगळी माणसं एकदम हुंदके द्यायला लागली.

घरी येऊन उदोमना सांगितलं. ते खाली बसले. म्हणाले, "तू काही बोलली नाहीस. ते कुणीतरी दुसरीच आहे. कळलं?"

"अहो, आवाज माझा..."

"तुझा आवाज तिचाच समजतात लोक. आपण सांगून कोण मानणार? आणि मानलं तर त्या माणसाच्या तोंडी आपण आपणहून जायचं?" मग त्यांना खोकल्याची उबळ आली. हल्ली लवकर थांबत नाही.

संध्याकाळी शेठचा माणूस आला. उदोमच्या छातीवर शेठ मोठ्या इस्पितळात उपचार करवणार आहेत म्हणाला. निघताना माझ्याकडे बघून म्हणाला, "घसा जपा मावशी. फार नाजूक वस्तू असते." मी हात जोडले. सवयच आहे हातांना.

म्हणे शेठच्या फाटकाशी लोकांनी केळीच्या पानांवर भात नि तळलेली मासळी मांडून ठेवलीय. मांजरासाठी. रांगच लागलीय. तिच्या घरात मांजर कधी नव्हतं, आणि हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी दारात एक म्हातारी. काळी लुंगी, तोंडात विडा, पायात चपला नाहीत. मी म्हटलं, "या, बसा."

तिच्या तोंडातला विडा खाली पडला. डोळे मिटून म्हणाली, "अजून एकदा बोल."

"काय बोलू, आजी?"

"हाच. हाच तो." उंबऱ्यातच बसली. तेंगची आई, मेन आजी. पाकनाम फोहून बोटीने आलेली. "पोर सांगायची, बँकॉकला एक मावशी आहे, ती माझा आवाज आहे. गावात रेडिओवर तिची साबणाची जाहिरात लागली तेव्हा मी म्हटलं होतं, ही माझी पोर बोलत नाहीये. सगळे हसले मला. काल पोलिसातही सांगितलं."

"काय म्हणाले?"

"चांगला आहे तो इन्स्पेक्टर. पाणी दिलं. म्हणाला, आजी, अख्खा देश हा आवाज ओळखतो, तुम्हीच तेवढ्या ओळखत नाही. दुःखाने असं होतं. मी म्हटलं, बाबा, तराफ्यावर जन्मलेली पोर बुडेल कशी? म्हणाला, बुडायचंच ठरवलेलं माणूस पोहत नाही, आजी. आणि ठरवलं होतं हे तिनेच सांगितलंय ना?"

तेवढ्यात आमचं मांजर येऊन तिच्या मांडीवर बसलं. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मांजराला भात घाला म्हणे! घरात मांजर शिरलं तर पोर नदीत जाऊन उभी राहायची श्वास घ्यायला. कुणी लिहून दिलं गं तुला ते?"

"ते माझं होतं," मी म्हटलं. "बाकीचं लिहून दिलेलं." आणि मग सगळं सांगून टाकलं.

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "शनिवारी जाळणार आहेत." एवढ्या नावाच्या माणसाचं प्रेत आमच्याकडे शंभर दिवस ठेवतात, रोज भिक्खूंचं पठण, रोज अन्नदान. हिला चार दिवसांत! उद्या शुक्रवार, शुक्रवारी प्रेत जाळत नाहीत म्हणून, नाहीतर उद्याच उरकलं असतं. "जाळलं की मग बघायला काही उरत नाही. इन्स्पेक्टरसमोर येऊन बोल. एवढंच. तू बोललीस तर पोरीला कापडातून सोडवून बघतील तरी."

उदोम आतून ऐकत होते. म्हणाले, "आजी, आम्ही गरीब माणसं."

"मी कोण राजवाड्यातली?" म्हणाली नि उठून गेली. विहारात पोरीच्या शवपेटीशेजारी बसते. जेवणाच्या वेळी पेटीवर टकटक करून गेलेल्याला हाक मारायची आमच्याकडे रीत आहे; पोरीला जेवायला बोलवायचं ते काम दुसऱ्या कुणाच्या हाती ती देत नाही.

आत्ता लिहिताना तिचं जातानाचं बोलणं आठवलं. म्हणाली, बोलायला शिकतेय हे पोरीने आपल्या आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आणि शेठला ज्या रात्री कळलं त्या रात्रीपासूनच तो तिला घराबाहेर सोडत नव्हता. चोरून गावच्या नावाड्याच्या हाती निरोप धाडला होता तिने. कुणी चुगली केली असेल? शूटिंगवरच्या पोरी फार जळायच्या तिच्यावर. उदोमना विचारलं तर माझ्याकडे बघत राहिले, मग बादली घेऊन पाण्याला गेले. हंडा तर भरलेला होता.

२५ एप्रिल, शुक्रवार, दुपार

शेठनी तिचा जुना विनोदी सिनेमा आज तिन्ही सिनेमाघरांत लावलाय. निरोपाचा खेळ. मोठ्या हॉलमध्ये बोलायला आम्ही.

सकाळी इन्स्पेक्टरकडे जाऊन आले. चांगलाच आहे तो, पाणी दिलं. म्हणाला, तुमचा आवाज सारखा वाटतो खरा, पण आज सकाळपासून तुम्ही तिसऱ्या. तिघीही म्हणतायत, टेपावरची मीच. एकीने तर गाऊनही दाखवलं. मी मांजराचंही सांगितलं. तो हसला. "मावशी, मरताना बाईला शेजारचं मांजरसुद्धा आठवतं."

आता जेवून निघायचं. 

२६ एप्रिल, शनिवार

विहाराच्या धर्मशाळेत बसून लिहितेय.

काल खेळ सुरू झाला तेव्हा हॉल मागच्या भिंतीपर्यंत भरलेला. शेठ पुढच्या रांगेत, पांढऱ्या कपड्यांत. तेंग पडद्यावर आली नि सगळा हॉल रडायला लागला. ती विनोद करतेय नि लोक रडतायत. मी बोलत होते. अकरा वर्षांत जीभ इतकी तयार झालीय की मी नसले तरी ती बोलेल.

होडीतला प्रसंग आला. तेंग कैरी खातेय, आंबट लागून डोळे मिटते, नि नायकाला चिडवते. मला पाठ आहे तो. तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. खरंच. तिचे ओठ हलतायत नि हॉलमध्ये नुसता यंत्राचा खडखडाट. कुणीतरी ओरडलं, "आवाज! आवाज!"

उदोम उठले. मला वाटलं माइक घेतायत. त्यांनी दाराला आतून कडी घातली, घोड्याच्या टापांसाठी ठेवलेल्या नारळाच्या करवंट्या उचलून शांतपणे कोपऱ्यात ठेवल्या नि म्हणाले, "काय बोलायचंय ते बोल. मी आहे."

पडद्यावर तेंग कैरी खाऊन हसतेय. मी म्हटलं, मी दमलेय. कुणाला दोष देऊ नका. माझ्या माणसाने मला काही कमी पडू दिलं नाही. रेडिओवर होतं तसंच, त्याच चालीत, रडू न घालता. ती डोळे मिचकावतेय. आई, मला माफ कर. नदी बोलावतेय. ती नायकाच्या तोंडावर पाणी उडवतेय. आणि हो, मांजराला भात घाला.

अख्ख्या हॉलने श्वास धरलेला मला झरोक्यातून ऐकू आला.

मग म्हटलं, "मंडळी, हा निरोप मी बोलले. मी लम्दुआन, इथे मागच्या खोलीत बसते. सिनेमाचा प्रसंग म्हणून माझ्या घरी बसून बोलले, कागद कम्पोन शेठनी दिला. तेंग, तुमची पिम्पका, तिथे नव्हती. तेंगच्या घरात मांजर नाही, मांजराने तिला शिंका येतात. ती हे बोलली नाही. ती आजवर तुमच्याशी एक शब्दसुद्धा बोललेली नाही. विहारात जा, तिची आई बसलीय तिला विचारा."

दारावर लाथा बसायला लागल्या. उदोमनी पाठ लावली, तो खोकणारा माणूस. यंत्र चालवणाऱ्याने सिनेमा बंद केला नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, हात कामात होते.

दार फुटलं तेव्हा लाथा मारणारे आत आले, पण त्यांच्या मागे हॉलमधली माणसं होती, मासळीबाजारातल्या बायका पुढे. मला एक थप्पड बसली, दुसरी बसली नाही. "ए, हात लावशील तर! ह्या आमच्या पिम्पका आहेत!" एक बाई ओरडली, मग स्वतःच गोंधळून गप्प झाली.

हॉलमधून माणसं सरळ इथे आली. पेटीभोवती बसली. पहाटे शेठची माणसं पेटी उचलायला आली तर पाय ठेवायला जागा नाही. थोरले भिक्खू म्हणाले, एवढी माणसं बसलेली असताना मी अग्नी कसा देऊ? दुपारी इन्स्पेक्टर आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, पेटी इस्पितळात न्यायचीय.

९ मे, शुक्रवार

तेंगला काल परत आणलं. इन्स्पेक्टर आजीला सांगत होता, मी शेजारी होते. फुप्फुसात नदीचं पाणी नव्हतं. म्हणजे पाण्यात गेली तेव्हा ती श्वास घेत नव्हती. आजीने मान हलवली, जणू हे तिला कुणीतरी उशिरा सांगितलं.

शेठना दोनदा बोलावून सोडलं. पेपरात त्यांचा फोटो, हात जोडलेला. ते म्हणतात, दुसऱ्या सिनेमा कंपनीने लम्दुआनला फितवलं. खटला चालेल, वर्षं लागतील, असं इन्स्पेक्टर म्हणतो. कुठल्याच सिनेमाघरात आता आम्हाला काम नाही. उदोमना इस्पितळ नाही. गल्लीतली अर्धी माणसं बोलतात, अर्धी बोलत नाहीत. अंगणात मेलेला उंदीर टाकला कुणीतरी. मांजराने त्याला तोंड लावलं नाही.

आज पेटीसमोर ताट ठेवलं. भात, गोडसर तळलेली मासळी, कैरी. मेन आजीचा घसा पूर्ण बसलाय, हाक फुटत नाही. मला म्हणाली, "तू बोलाव."

मी म्हटलं, "माझ्या आवाजात कशी येईल ती?"

"सिनेमातल्या आवाजात नको. तुझ्या."

मी पेटीवर तीनदा बोटांनी टकटक केलं. माझा आवाज कुठला ते शोधायला वेळ लागला. सापडला तो भसाडा होता, खालच्या पट्टीतला, वीस वर्षांत कुणी न ऐकलेला. भिक्खूंनीही वळून बघितलं.

"तेंग," मी म्हटलं, "मांजर बाहेर काढलंय. ये, जेवून घे."